किती दिवसांसाठी आलात?

‘कुठे राहता?’ हा प्रश्न मला आजवर हजार वेळा तरी विचारला गेला असेल. शाळेत, बँकेत, लग्नाच्या मांडवात, रिक्षात. उत्तर ठरलेलं: राजारामपुरी, नववी गल्ली. आमच्याकडे पत्ता सांगायला कष्ट पडत नाहीत. राजाराम महाराजांच्या नावाची ही कोल्हापुरातली आखून वसवलेली वस्ती. मधून सरळ मुख्य रस्ता आणि त्याला आडव्या गल्ल्या, ओळीनं आकडे दिलेल्या. आकडा सांगितला की रिक्षावाला पुढचं विचारत नाही.

या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी आयुष्यात एकदाच दिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये, कॅनडातून अमेरिकेत परत शिरताना, गाडीच्या मागच्या सीटवरून, काचेच्या खोलीत बसलेल्या गणवेशातल्या माणसाला. ‘नोवाय,’ मी म्हणाले. नोवाय हे मिशिगनमधलं माझ्या मुलीचं गाव. माझं नव्हे. पर्यटक व्हिसावर आलेल्या बाईनं ‘मी इथे राहते’ असं सांगणं म्हणजे काय, ते गाडीतल्या सगळ्यांना माझ्याआधी कळलं. स्टिअरिंगवर जावयाची बोटं आवळली. ह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात त्या हाताचा अर्थ एकच, आता गप्प.

बाकी जीभ घसरायला कारण होतं. ती आमची पाचवी खेप होती.

पहिल्यांदा गेलो २०१६ साली, मुलीच्या बाळंतपणाला. त्याआधी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या रांगेत उभं राहून आलो होतो. काचेपलीकडच्या मुलीनं तीन प्रश्न विचारले, दोन मिनिटांत काम झालं आणि दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. घरी येऊन पेढे वाटले. आम्हाला वाटलं, दहा वर्षांची सोय झाली. तशी ती झालेली नसते. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाऊन कडी वाजवायची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि घेतलं तर किती दिवस, हे दारावरचा अधिकारी ठरवतो. बहुतेक वेळा तो सहा महिने देतो. ती तारीख ज्या नोंदीत असते तिला म्हणतात आय-९४. आमच्या वयाच्या लोकांत या आकड्याला रेशनकार्डाइतकं महत्त्व आहे. सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला येणाऱ्या आमच्या गटात निम्म्या जणांची मुलं बाहेर आहेत. गुडघे, साखर आणि आय-९४ हे आमचे तीन विषय.

२०१६ ला साडेपाच महिने राहिलो. २०१७ ला पुन्हा पाच. त्या वर्षी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन मिशिगनमध्येच, ग्रँड रॅपिड्सला होतं, तेही निमित्त. २०१९ ला नात झाली, तेव्हा सहा महिन्यांना चार दिवस कमी. मग करोनाची दोन वर्षं कोरडी. २०२२ ला पाच महिने आणि मग हे २०२४. मी भूगोल शिकवला, गणित नव्हे, पण बेरीज मलाही येते. आठ वर्षांतली दोन वर्षं आम्ही ‘फिरायला’ म्हणून एकाच गावात, एकाच घराच्या एकाच खोलीत काढली होती. नायगारा एकदा पाहिला, शिकागो एकदा पाहिलं. बाकीचे दिवस नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडण्यात आणि भाकरीचं पीठ कुठल्या दुकानात ताजं मिळतं ते शोधण्यात गेले. असल्या माणसाला पर्यटक म्हणायचं का, ही शंका त्या काचेच्या खोलीतल्या माणसाला आली तर त्याची चूक काय?

त्यांचा कायदा तसा सरळ आहे. येणारा प्रत्येक पाहुणा कायमचं राहायलाच आलाय असं तो धरून चालतो. नाही, हे पाहुण्यानं पटवायचं. एका वर्षात इतकेच महिने राहा किंवा इतके महिने बाहेर काढा, असा लेखी नियम नाही. नियम नाही म्हणूनच भीती जास्त. एक मात्र लिहिलेलं आहे. दिलेल्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहून मग बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेश बंद, वर्षाच्या वर राहिलात तर दहा. मुलगी दर खेपेला विमानतळावर उतरण्याआधी आमची तालीम घेते. ‘आई, नातवंडं सांभाळायला आले म्हणायचं नाही. ते काम होतं. भेटायला आले म्हणायचं.’ मी म्हणते, अगं, भेटायला आलेली आजी हात बांधून सोफ्यावर बसते का? ती म्हणते, तिथं बसते.

या सगळ्याचं मला फारसं नवल वाटलं नाही, कारण मी माहेरवाशीण म्हणून पुष्कळ राहिले आहे. माझं माहेर निपाणी. कोल्हापूरच्या स्टँडवरून एसटीत बसलं की कागल, कोगनोळी आणि तासाभरात निपाणी. लग्नानंतर पिशवी घेऊन उतरले की तंबाखूच्या वखारीपाशी भेटणारी पहिली बाई विचारायची, ‘कधी आलीस? किती दिवस हाईस?’ प्रश्न मायेचाच. पण चार दिवस सांगितले तर तोंडभर हसू आणि महिना सांगितला तर भुवई वर. काय गं, समदं बरं हाय न्हवं सासरी? लेक आपलीच, घर तिचंच, तरी आलेली लेक जायच्या तारखेसकट आली की गाव निश्चिंत. डेट्रॉईटच्या विमानतळावर पहिल्यांदा ‘किती दिवस?’ ऐकलं तेव्हा मला ती वखारीपाशी भेटणारी बाईच आठवली.

आणि सीमाही मला नवी नव्हती. निपाणी ते कोल्हापूर ४० किलोमीटरसुद्धा भरत नाहीत, पण मध्ये राज्य बदलतं. माझी आई मुंबई इलाख्यात जन्मली, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर म्हैसूर राज्यात नांदली आणि कर्नाटकात वारली. यात तिनं घर बदललं नाही, साधी खोलीही बदलली नाही. आम्हाला ती सीमा कधी लागायची नाही, फक्त एसटीच्या पाट्यांची लिपी बदलायची. लागली ती २०२१ च्या राखीपौर्णिमेला. महाराष्ट्रातून येणाऱ्याकडे ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल पाहिजे, असा तेव्हा कर्नाटकचा नियम होता. कोगनोळीच्या नाक्यावर गाडीतून उतरून, नाकात काडी घालून मिळवलेला कागद दाखवून मी भावाला राखी बांधायला गेले. पोलीस मराठीत बोलत होता. ‘ताई, कुणाकडं? परत कधी?’

असो. कॅनडाला जायचं निघालं ते फिरायच्या गटातल्या एका गैरसमजावरून. ‘कॅनडाला एक चक्कर मारून या, अमेरिकेत शिरताना नवे सहा महिने मिळतात,’ असं एका गृहस्थांनी ह्यांना ठासून सांगितलं होतं. ह्यांनी ते वहीत लिहून ठेवलं. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झाली आहे. ऐकलेलं सगळं हे वहीत लिहितात आणि लिहिलं की ते खरं मानतात. आम्ही एप्रिलात उतरलो होतो, आमची तारीख होती ऑक्टोबरची. दिवाळी मात्र त्या वर्षी अगदी ऑक्टोबरच्या अखेरीला. नातीच्या किल्ल्यावर मावळे मांडून मग निघावं, एवढीच ह्यांची इच्छा. माझा मावसभाचा टोरोंटोजवळ मिसिसागाला असतो, त्याचं बोलावणं होतंच. कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, बोटांचे ठसे वेगळे, फी वेगळी. ते सोपस्कार निघण्याआधीच उरकले होते.

निघालो ते डेट्रॉईटच्या ॲम्बॅसॅडर पुलावरून. १९२९ साली हा पूल खुला झाला तेव्हा त्याचा मधला झुलता गाळा जगात सर्वांत लांब होता. त्याहून मला नवल वाटलं ते त्याच्या खासगी मालकीचं. दोन देशांना जोडणारा पूल एका कुटुंबाच्या कंपनीचा! पण खरी गंमत पुढं. मी सीटवरून उठून जावयाच्या खांद्यावरून गाडीतलं होकायंत्र पाहिलं. आम्ही दक्षिणेला चाललो होतो. अमेरिकेतून कॅनडात जायचं आणि दक्षिणेला! नकाशात ओंटारिओ प्रांताचं एक टोक मिशिगनच्या खाली घुसलेलं आहे, हे मी पंचमहासरोवरं शिकवताना फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल. पण ‘कॅनडा कोणत्या दिशेला?’ या प्रश्नाला उत्तर सोडून दुसरं काही लिहिणाऱ्या पोरांचे मी आयुष्यभर गुण कापले. त्या पुलावर मला ते गुण परत द्यावेसे वाटले.

पलीकडचा रस्ता सपाट. पवनचक्क्या, मक्याची शेतं, आणि मध्ये चक्क लंडन नावाचं गाव, त्यातून वाहणारी नदीही थेम्स. माणूस घर सोडून लांब गेला की नावं गाठोड्यात बांधून नेतो. मिसिसागाचे पाच दिवस खाण्यात गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. भाच्याच्या बायकोनं निघताना मला कढीपत्त्याची एक डहाळी दिली. त्यांनी कुंडीत झाड जगवलंय. थंडीत घरात घ्यायचं, उन्हाळ्यात बाहेर काढायचं, तान्ह्या बाळासारखं. मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

परतीला जावयानं दुसरा रस्ता धरला, सार्नियाचा. तिथं ब्लू वॉटर ब्रिज आहे. ह्युरॉन सरोवराचं पाणी जिथं सेंट क्लेअर नदी होऊन बाहेर पडतं, बरोबर त्या तोंडावर. शेजारी शेजारी दोन पूल, पहिला १९३८ चा, दुसरा १९९७ चा. पाण्याचा रंग नावाप्रमाणे. रंकाळ्याला सरावलेल्या नजरेला ते पाणी खोटं वाटतं, कुणीतरी नीळ घातल्यासारखं. पुलाच्या मध्यावर देश बदलतो, पण पाण्यात रेघ नाही. मी बघितली. भूगोलाच्या शिक्षिकेला बघावीच लागते.

गाडीत आम्ही सहा जण होतो आणि कायदे तीन. नातू आणि नात तिथंच जन्मलेले, त्यांचे पासपोर्ट निळे; त्यांना कुणी आत येऊ नका म्हणू शकत नाही. मुलगी आणि जावई एच-१बी वर, ग्रीनकार्डाच्या रांगेत. त्या रांगेत भारतीयांचे नंबर इतके मागे आहेत की जावई तो विषय चेष्टेतच काढतो. आणि आम्ही दोघं पर्यटक. पाच वर्षांची नात अंगठा चोखत झोपली होती. गाडीत खऱ्या अर्थानं घरी चाललेले फक्त ती आणि तिचा भाऊ.

अधिकारी तरुण होता. आधी विचारलं, फळं, भाजी, मांस काही आहे का? जावई ‘नाही’ म्हणणार तेवढ्यात हे मागून म्हणाले, ‘करी लीव्ह्ज.’ मी डोळे वटारले. पाटबंधारे खातं! मग त्यानं माझा पासपोर्ट उघडला, पानं उलटली, शिक्के पाहिले आणि विचारलं, ‘तुम्ही कुठे राहता?’ पुढचं सांगून झालंय.

त्यानं आवाज चढवला नाही, काही बोलला नाही. गाडी बाजूला लावायला सांगितली आणि आम्हाला आत पाठवलं.

आत लांबट दालन, खुर्च्या, टेबलामागे अधिकारी. आमच्या आधी एक सरदारजी ट्रकवाले बसले होते, अगदी निवांत. महिन्यात कितीदा तरी येत असतील. मला मात्र पाणी पाणी होत होतं. एका वयस्क बाईनं आम्हाला बोलावलं. बोटांचे ठसे घेतले, पडद्यावर बघत एकेक साल वाचलं. सोळा, सतरा, एकोणीस, बावीस. आपल्याच येण्याजाण्याचा हिशेब परक्या तोंडून ऐकताना माणूस गुन्हेगार नसूनही ओशाळतो. ‘दर वेळी इतके दिवस का राहता?’ तिनं विचारलं. मी तालमीतलं वाक्य म्हटलं, नातवंडांना भेटायला. ‘परत जायला काय कारण आहे?’

इथं ह्यांनी पिशवीतून फाईल काढली. ती फाईल आमच्याबरोबर पाचही खेपा हिंडली होती, कुणी कधी पाहायला मागितली नव्हती. घरफाळ्याची पावती, विजेचं बिल, परतीचं तिकीट. ते सगळं टेबलावर मांडून हे त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, ‘मॅडम, पेन्शन. नोव्हेंबरमध्ये बँकेत जावंच लागतं. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला.’

बाईनं चष्मा काढला. ‘काय सिद्ध करायला?’

‘जिवंत आहे ते. दर नोव्हेंबरला. नाही गेलो तर पेन्शन बंद. बँकेच्या लेखी मेलो.’

ती हसली. आधी आवरून, मग मोकळी. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही तिनं ते सांगितलं. घराची पावती, तिकीट, यांतल्या कशाकडेही तिनं नीट पाहिलं नाही. हयातीच्या दाखल्यावर मात्र तिचा विश्वास बसला. मला वाटतं, कुठल्याही सरकारी माणसाला दुसऱ्या सरकारचा जाच चटकन ओळखता येतो.

ह्यांना तरी वहीत लिहिलेला प्रश्न विचारायचाच होता. नवे सहा महिने मिळतील का? मुलीनं कपाळाला हात लावला. बाईनं शांतपणे सांगितलं, कॅनडात ३० दिवसांपेक्षा कमी राहून परत आलेल्याची जुनी तारीख सहसा तीच राहते. आधीच्या परवानगीतले उरलेले दिवस वापरायचे, एवढंच. पुलावरून फिरून आल्यानं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. नवी नोंद झाली असती तर प्रत्येकी सहा डॉलर पडले असते. ते वाचले म्हणून ह्यांनी समाधान मानलं. (ही फी आता तीस झाली आहे, ३० सप्टेंबर २०२५ पासून. वहीत नोंद आहे.)

कढीपत्ता गेला. दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं ती डहाळी हातमोजे घालून पिशवीत टाकली. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. त्याच्या पानांवर एक बारीक किडा बसतो, तो लिंबूवर्गीय झाडांत रोग पसरवतो आणि बागाच्या बागा वाळतात, म्हणून ताजी पानं आणायला बंदी. आपणहून सांगितलंत म्हणून दंड नाही, तो म्हणाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढचे दोन दिवस बघतच होते.

बाहेर आलो, नात जागी झाली होती. ‘आज्जी, तुला आत काय विचारलं?’ मी म्हटलं, कुठं राहतेस विचारलं. ‘मग तू काय सांगितलंस?’ मी राजारामपुरी म्हणाले. तिनं मान हलवली. तिच्या लेखी राजारामपुरी म्हणजे दिवसातून दोनदा फोनवर दिसणारा जिना आणि तुळशीची कुंडी.

पूल संपला आणि महामार्ग लागला. पाटी पाहून जावई इतक्या जोरात हसला की मला वाटलं पुन्हा कुणी अडवलं. पोर्ट ह्युरॉनहून जो महामार्ग सुरू होऊन पश्चिमेला पार माँटानापर्यंत जातो त्याचा क्रमांकच आय-९४. त्यांच्याकडे रस्त्याला आणि मुक्कामाच्या कागदाला एकच नाव पडलंय, योगायोगानं. ह्यांनी वही काढून तेही टिपून घेतलं.

ऑक्टोबरात, दिलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी आम्ही निघालो. नातीचा किल्ला व्हिडिओवर पाहिला. विमानतळावर तिला ‘येते हं’ म्हटलं, तर ती म्हणाली, ‘आज्जी, तू जातेयस.’ आपल्याकडं निघणारा कधी जातो म्हणत नाही, हे तिला समजावायला वेळ नव्हता, रांग पुढं सरकली.

राजारामपुरीत कुलपाला गंज चढला होता. गल्लीच्या तोंडावरच्या भाजीवालीनं पाल्याची जुडी बांधता बांधता विचारलं, ‘काकू, कधी आलासा? आता किती दिस हाय इथं?’ परसातला कढीपत्ता शेजारच्या वहिनींनी आमच्या परवानगीनं वापरला होता, अगदी बुंध्यापर्यंत. तोडल्यामुळंच की काय, त्याला ढीगभर नवी पालवी फुटली होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे बँकेत गेले. पेन्शनरांची रांग पायऱ्यांपर्यंत आली होती. माझा सोबतीचा मान. मी बाकावर बसले. तासाभरानं नंबर लागला. खिडकीतल्या पोरानं यादीत नाव शोधलं, ह्यांच्याकडे बघितलं, सही घेतली, जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि म्हणाला, ‘काका, सही जुळंना.’

ह्यांनी पुन्हा केली. हात थोडा कापतो हल्ली. ‘न्हाई काका. मागल्या खेपंला अशी नव्हती.’

‘अरे, मी समोर उभा आहे की!’

‘ते बरोबर हाय. पण सही जुळाय पायजे.’

हे माझ्याकडे वळून म्हणाले, ‘वही दे.’ मी दिली. मागच्या पानावर त्यांनी सावकाश, ओळीखाली ओळ, पाचसहा सह्या गिरवल्या. मग खिडकीशी जाऊन पुन्हा एक केली. या वेळी पोरानं मान डोलावली आणि पुढच्याला हाक मारली.